ल्युपस आणि बाळंतपण : वारेत नेमकं काय बिघडतं?



गटाच्या बैठकीत वसुली झाली, कर्जमागणी झाली, सह्या-अंगठे झाले की शेवटची दहा मिनिटं आरोग्याची असतात. दशसूत्रीत आरोग्य आहे म्हणून, आणि बायकांना बोलायचं असतं म्हणूनही. गेल्या काही महिन्यांत दोन वेगळ्या गावांत मला एकच प्रश्न आला. "मॅडम, ल्युपस असलेल्या बाईला दिवस राहिले तर मूल टिकतं का?" एका गावात तो सासूबाईंनी विचारला, भर बैठकीत. दुसऱ्या गावात जिला आजार आहे तिनंच विचारला, पण सगळ्या निघून गेल्यावर, चप्पल घालता घालता.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. पण हा विषय मी वाचला, डॉक्टर ताईंकडून समजून घेतला आणि आपल्या भाषेत इथं मांडते आहे. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. मूल टिकतं. बहुतेकींचं टिकतं. मात्र दिवस कधी राहिले, तेव्हा कोणत्या गोळ्या चालू होत्या आणि पोटातल्या वारेकडं कुणाचं लक्ष होतं का, यावर खूप काही अवलंबून असतं.

आधी ल्युपस म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या रक्तात जंतूंशी लढणारी राखण असते, तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. ल्युपसमध्ये ही राखण घरच्याच माणसांना ओळखेनाशी होते. राखणीचा कुत्रा मालकालाच चावावा तसं. कुणाच्या सांध्यांवर जाते, कुणाच्या चामडीवर, कुणाच्या मूत्रपिंडावर, कुणाच्या रक्तातल्या पेशींवर. सकाळी बोटं आखडतात, बारीक ताप राहतो, तोंड येतं, केस गळतात, आणि उन्हात काम केलं की नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उमटतो. कापूस वेचायच्या दिवसांत तो वाढतो. बऱ्याच जणी त्याला वांग समजून मलम लावत राहतात. हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, नवरा-बायकोच्या संबंधानं पसरत नाही. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात होतो. म्हणजे लग्न, लेकरं, शेतातलं काम आणि गटाचं पद, सगळं ज्या वयात एकदम अंगावर येतं, नेमकं त्याच वयात.

आता वारेकडं येऊ.

वार म्हटलं की आपल्याला बाळ झाल्यावर पडते ती आठवते. जुन्या काळी सुईणबाई ती उलटीसुलटी करून बघायची, तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करायची आणि मग परसात पुरायची. त्या बघण्यात शहाणपण होतं. पण वारेचं खरं काम ती पडायच्या आधीच संपलेलं असतं. नऊ महिने बाळाला श्वास तिच्यातून, अन्न तिच्यातून, आणि बाळाच्या अंगातली घाण बाहेर जाते तीही तिच्यातूनच. दिवस भरल्यावर तिचं वजन साधारण अर्धा किलो असतं आणि रुंदी वीस-बावीस सेंटिमीटर, म्हणजे तव्यावरच्या भाकरीएवढी. तिची एक बाजू आईच्या पिशवीला चिकटलेली असते, दुसऱ्या बाजूनं नाळ निघून बाळाकडं जाते. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, बरं का. मधे अगदी पातळ पडदा असतो आणि देवाणघेवाण त्या पडद्यातून चालते.

या पडद्यापर्यंत आईचं रक्त भरपूर पोचलं पाहिजे. शेवटच्या महिन्यात मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पिशवीकडं जातं. एवढं रक्त न्यायचं तर वाटा रुंद हव्यात. पण पिशवीतल्या रक्तवाहिन्या मुळात बारीक आणि स्प्रिंगसारख्या वेटोळ्या असतात. मग वार काय करते, तर पहिल्या चार-पाच महिन्यांत आपल्या पेशी त्या वाहिन्यांच्या भिंतीत धाडते आणि त्या भिंती सैल करून वाट रुंद करते. शेतात पाणी घ्यायच्या आधी आपण पाटाचं तोंड खोदून मोठं करतो ना, तसंच. हे काम एकदाच होतं आणि लवकर होतं. तेव्हा राहून गेलं तर आठव्या महिन्यात कितीही टॉनिक प्या, पाट रुंद होत नाही.

ल्युपस जोरात असताना दिवस राहिले तर ही खोदाई अर्धवट राहू शकते. वाहिन्यांच्या भिंतींना सूज येते, त्या जाड होतात, वार लहान राहते. हा झाला एक प्रकार.

दुसरा प्रकार रक्ताच्या गाठींचा आहे. ल्युपस असलेल्या साधारण तिघींतल्या एकीच्या रक्तात 'अँटिफॉस्फोलिपिड' नावाची प्रतिद्रव्यं सापडतात. नाव अवघड आहे, पाठ करू नका, कागदावर लिहून ठेवा. ही प्रतिद्रव्यं वारेच्या पेशींना जाऊन चिकटतात, तिथं सूज आणतात, आणि रक्त गोठायला लावतात. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. नळीत क्षार बसला की बाहेरून नळी धडधाकट दिसते, मोटर चालू असते, पण पुढची झाडं वाळत जातात. वारेतही तसंच होतं. जिथं गाठ अडकली तिथून पुढचा वारेचा तुकडा मरतो. थोडा तुकडा मेला तर बाकीची वार निभावून नेते. जास्त मेला तर बाळाचं वजन वाढत नाही, पोटातलं पाणी कमी होतं, आणि काही वेळा बाळ पोटातच जातं. उपाशी वार आईच्या रक्तातही काही द्रव्यं सोडते, त्यानं आईचं बीपी चढतं. म्हणून बाळ आणि आई दोघंही एकदमच धोक्यात येतात.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. असं बाळ गेलं की घरात हिशोब सुरू होतो. हिनं पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली, हंडा उचलला, हिच्या अंगात उष्णता, हिचा पायगुणच तसला. वारेत गाठ अडकण्याचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ती प्रतिद्रव्यं तिनं मागून घेतलेली नाहीत. आपल्या एका गटातल्या ताईनं (नाव देऊ नका म्हणाली, म्हणून गावही देत नाही) तीन गर्भ गमावले. तिसरा सहाव्या महिन्यात. दोन वेळा अंगारा, एकदा कुलदेवतेची फेरी, आणि घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. तिची बोटं सकाळी दुखतात, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला स्वतःलाही वाटत नव्हतं की बोटांचा आणि पोटाचा काही संबंध असेल. जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. चौथ्या वेळी रोज पोटावर इंजेक्शन घेत तिनं छत्तीस आठवडे काढले. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची.

तेव्हा लक्षात ठेवा. दहा आठवड्यांनंतर एकही धडधाकट गर्भ कारण न कळता गेला असेल, किंवा त्याआधी लागोपाठ तीन गर्भ पडले असतील, किंवा चढलेल्या बीपीमुळं नाहीतर वार कमी पडल्यामुळं चौतीस आठवड्यांच्या आत बाळंत करावं लागलं असेल, तर डॉक्टरांना या प्रतिद्रव्यांच्या तपासणीबद्दल विचारा. ल्युपस नसलेल्या बायकांतही ही प्रतिद्रव्यं सापडतात. तपासणी एकदा करून भागत नाही. बारा आठवड्यांनी ती पुन्हा करतात, कारण एखाद्या तापानंतर ती तात्पुरतीही दिसू शकतात. त्यातल्या एका तपासणीचं नाव 'ल्युपस अँटिकोॲग्युलंट' आहे. नावात ल्युपस आहे म्हणून घाबरायचं नाही, तो रिपोर्ट आला म्हणजे ल्युपस झाला असं नाही. आणि नावाचा अर्थ 'रक्त गोठू न देणारं' असा आहे, प्रत्यक्षात ते गाठी करतं! नाव ठेवताना घोळ झाला आणि तेच चालत राहिलं. या गाठींच्या आजाराची नीट ओळख लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये करून दिली. म्हणजे आपल्या आयांच्या काळात हे मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनाही नवंच होतं.

दिवस कधी राहू द्यावेत

पूर्वी ल्युपसच्या बाईला डॉक्टर सरळ सांगायचे, मूल होऊ देऊ नका. आता तसं सांगत नाहीत. आता सांगतात, आजार किमान सहा महिने शांत असू द्या, मग ठरवा. शांत म्हणजे काय? सांधे सुजलेले नाहीत, लघवीतून प्रथिनं जात नाहीत, बीपी ताब्यात आहे, आणि हे सगळं गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्यांवर आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या दवाखान्यांत ल्युपस असलेल्या ३८५ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. या सगळ्यांचा आजार सुरुवातीला शांत किंवा सौम्य होता. त्यांतल्या पाचांपैकी चौघींचं बाळंतपण मोठ्या अडचणीशिवाय पार पडलं. पण हा आकडा शांत आजाराचा आहे. मूत्रपिंडाला सूज असताना, बीपी चढलेलं असताना दिवस राहिले तर हिशोब बदलतो. आणि मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस फारच खराब झालेलं असेल तर डॉक्टर आजही नको म्हणतात. ते ऐकायचं.

आता आपल्याकडं खरी अडचण कुठं येते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लग्नाला वर्ष झालं की 'गोड बातमी कधी' सुरू होतं. सहा महिने थांबा हे डॉक्टर बाईला सांगतात, पण थांबायचं की नाही ते ठरवायला बाई एकटी नसते. म्हणून माझी विनंती आहे, त्या भेटीला नवऱ्याला बरोबर न्या. सासूबाई येत असतील तर त्यांनाही. वारेचं चित्र डॉक्टरांना कागदावर काढून दाखवायला सांगा. मी पाहिलंय, पाटाचं आणि ठिबकचं उदाहरण दिलं की पुरुषमंडळी पटकन समजतात, शेवटी शेतकरीच ते.

थांबायच्या काळात साधन काय वापरायचं हेही डॉक्टरांनाच विचारा. जिच्या रक्तात ती गाठींची प्रतिद्रव्यं आहेत तिनं माला-एन सारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यातल्या इस्ट्रोजेननं गाठींचा धोका वाढतो. तांबी बहुतेकींना चालते.

गोळ्या : कोणत्या सोडायच्या, कोणत्या सोडायच्या नाहीत

दिवस राहिले की आपल्याकडं पहिला सल्ला मिळतो, सगळ्या गोळ्या बंद कर, बाळाला गरम पडतील. ल्युपसमध्ये हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची गोळी आहे, मूळची हिवतापाची. कोरोनाच्या सुरुवातीला २०२० मध्ये लोकांनी ती घाबरून विकत घेऊन ठेवली होती, आठवत असेल. ल्युपसच्या बाईसाठी ही गोळी म्हणजे रोजची राखण आहे. गरोदरपणात ती सुरक्षित मानली जाते आणि चालूच ठेवायची असते. ती सोडली की आजार उसळतो, आणि उसळलेला आजार वारेला गोळीपेक्षा कितीतरी पट वाईट.

स्टेरॉइडचं नाव काढलं की सगळ्या दचकतात. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी ल्युपसमध्ये देतात. इथं वार आपली बाजू घेते. तिच्यात असं एक द्रव्य असतं की ते प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वाटेतच मोडून टाकतं, बाळापर्यंत फार थोडी पोचते. म्हणून आईसाठी ही गोळी कमीत कमी मात्रेत चालते. पण मनानं एकदम बंद करायची नाही, शरीराला तिची सवय झालेली असते, अचानक बंद केली तर बाई कोसळू शकते. (बाळ लवकर होणार असेल तर त्याची फुप्फुसं पिकावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात. ते वेगळं स्टेरॉइड आहे. ते मुद्दाम दिलं जातं, कारण ते वारेतून पार जातं.) अॅझाथायोप्रिन ही गोळीही गरज असेल तर डॉक्टर चालू ठेवतात.

उलट, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं बाळाला इजा करतात. ती दिवस राहायच्या काही आठवडे ते काही महिने आधीच बदलावी लागतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असते, त्यामुळं ती सांगायची राहून जाते. लघवीतली प्रथिनं आणि बीपी कमी करायला दिलेल्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांचंही तसंच, गरोदरपणात त्या चालत नाहीत, डॉक्टर दुसऱ्या देतात. रक्त पातळ करणारी वॉरफरीन वारेतून पार जाते आणि बाळाला इजा करू शकते. त्याऐवजी हेपरिनचं इंजेक्शन देतात, ते वार ओलांडत नाही. आणि दुकानातून मागून आणलेली अंगदुखीची डायक्लोफिनॅक, तिचं काय? गरोदरपणात ती मनानं घ्यायचीच नाही. पाचवा महिना उलटल्यावर तर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला तिचा त्रास होतो.

वारेची खोदाई पहिल्या महिन्यांत चालते, हे वर लिहिलं ते इथं कामाला येतं. ल्युपसच्या गरोदर बाईला डॉक्टर साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करतात, बीपी चढण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. सातव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलं तर ही वेळ निघून गेलेली असते. आपल्याकडं तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, म्हणून बातमी दडवतात. नातेवाइकांपासून दडवा हवी तर. आशाताईपासून दडवू नका.

गाठींची प्रतिद्रव्यं असतील आणि आधी गर्भ गेले असतील तर अॅस्पिरिनच्या जोडीला रोज पोटाच्या चामडीत हेपरिनचं इंजेक्शन असतं. सुई बारीक असते, ती घरी स्वतः टोचायला शिकता येतं. आपल्या ताईनं शिकून घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात नर्सबाई टोचायच्या, मग नवरा, मग ती स्वतःच.

बाळाच्या ठोक्यांची गोष्ट

अजून एक तपासणी आहे तिचं नाव 'अँटी-रो'. काही ठिकाणी 'एसएसए' म्हणतात. आपण गरोदरपणी टीडीचं इंजेक्शन घेतो. त्यातून आईच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात ती वारेतून बाळाकडं जातात आणि जन्मल्यावर धनुर्वातापासून त्याला वाचवतात. वारेला यासाठी खास दार आहे. पण दार हे दार असतं, चांगलं-वाईट ओळखत नाही. अँटी-रो प्रतिद्रव्यं त्याच दारानं आत जातात आणि शंभर आयांमागं साधारण दोघींच्या बाळांच्या हृदयाला ठोक्याचा इशारा देणारा धागा खराब करतात. मग ठोके संथ पडतात. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, ते बरेच खाली येतात. हे बहुतेक वेळा चौथ्या ते सहाव्या महिन्यात घडतं, म्हणून त्या काळात बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करतात. आधीच्या बाळाला हा त्रास झाला असेल तर पुढच्या खेपेला धोका जास्त असतो, आणि तिथंही हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं तो कमी होतो असं दिसलं आहे.

काही बाळांच्या अंगावर जन्मानंतर गोल लाल चट्टे येतात. आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तातून संपत गेली की तेही सहा-आठ महिन्यांत जातात. 'बाळाला आईचा आजार लागला' असा बोभाटा करू नये. हृदयाचा धागा मात्र तुटला तर तो पुन्हा जुळत नाही, पुढं पेसमेकर लागू शकतो.

बीपी चढलं तर

ल्युपसच्या गरोदर बाईला पायावर सूज आली, बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं गेली, तर डॉक्टरांसमोरही कोडं असतं. हे वार बिघडल्यामुळं आहे की मूत्रपिंडातला ल्युपस उसळल्यामुळं? दिसायला दोन्ही सारखंच, उपाय मात्र उलटे. वारेचं असेल तर खरा उपाय बाळंतपण. ल्युपसचं असेल तर औषध वाढवायचं आणि बाळाला अजून काही आठवडे पोटात राहू द्यायचं. ते ओळखायला रक्ताच्या काही खास तपासण्या आणि लघवीतल्या पेशी बघाव्या लागतात. गोंधळ वाढवायला गरोदरपण आहेच. थकवा, अंगदुखी, केस गळणं, गालावरचे डाग, हे धडधाकट बाईलाही होतं.

म्हणून आपण घरी ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमकतंय, वरच्या पोटात दुखतंय, तोंड-हात सुजलेत, लघवीला खूप फेस येतोय, अंगावरून जातंय, बाळाची हालचाल मंदावली आहे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, यातलं एकही झालं तर उद्यावर टाकू नका, १०८ ला फोन करा. झटके यायची वाट बघू नका.

एरवी, महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. तिथं तुमच्या माता व बाल संरक्षण कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर लावतील. त्या स्टिकरची लाज वाटते असं एक-दोघी म्हणाल्या. लाज कसली? बाळंतपण उपकेंद्रात न करता मोठ्या दवाखान्यात करायचं, याची ती खूण आहे. ल्युपसमध्ये महिन्यातून एकदाची तपासणीही पुरत नाही, सहाव्या महिन्यानंतर वरचेवर जावं लागतं. वजन, बीपी, लघवी, बाळाची वाढ, आणि वारेकडं रक्त नीट जातंय का हे दाखवणारी रंगीत डॉपलर सोनोग्राफी.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची औषधं, तपासण्या, बाळंतपण आणि ये-जा मोफत आहे. तरी अँटी-रो किंवा गाठींच्या तपासण्या तालुक्याला होत नाहीत, हेही खरं. त्यासाठी जिल्ह्याला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं लागतं, रोजगार बुडतो, भाडं लागतं. ग्रामसंघाचा जोखीम निधी अशाच वेळी वापरायचा असतो. आजारपणाच्या कर्जाला 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणणाऱ्या अध्यक्ष-सचिव ताईंनो, बारा आठवडे पुढच्या बैठकीसाठी थांबत नाहीत.

बाळंतपणाच्या वेळी आणि नंतर

ल्युपस आहे म्हणून सिझरच होतं असं नाही. बाळाची आणि आईची तब्येत बघून ठरतं. हेपरिन चालू असेल तर शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते दाखल होताना आधी सांगायचं, स्टेरॉइड चालू असेल तर तेही.

बाळ लवकर झालं, फार लहान झालं किंवा दुर्दैवानं गेलं, तर वार तपासणीला पाठवाल का, असं डॉक्टरांना विचारा. हे विचारायचं भान त्या वेळी कुणाला नसतं, आणि दवाखान्यात वार पिवळ्या पिशवीत जाते ती गेलीच. प्रयोगशाळेत तिचे पातळ काप करून बघतात. गाठी कुठं होत्या, किती भाग मेला होता, वाहिन्या रुंद झाल्या होत्या का, हे तिथं दिसतं, आणि पुढच्या खेपेचा इलाज त्यावरून ठरवायला मदत होते. घरी पुरायला मागणार असाल तर आधी तपासणी होऊ द्या.

बाळंत झाल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडं वळतं, आणि आजार उसळतो तो बऱ्याचदा याच काळात. गाठींचा धोकाही पहिल्या दीड महिन्यात जास्त असतो, म्हणून ज्यांना हेपरिन चालू होतं त्यांना ते बहुतेक वेळा सहा आठवडे चालू ठेवतात. सव्वा महिना बाळंतीण बाजेवरून हलायची नाही, हा नियम इथं उपयोगाचा नाही, घरातल्या घरात चालू द्या, पाणी भरपूर प्यायला द्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कमी मात्रेची प्रेडनिसोलोन, अॅझाथायोप्रिन आणि हेपरिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं. मेथोट्रेक्सेटसारखं औषध पुन्हा सुरू करायचं असेल तर पाजण्याबद्दल आधी विचारून घ्यायचं.

ज्या तायांना ल्युपस आहे आणि मूल हवं आहे, त्यांनी चालू गोळ्यांची पाकिटं (नुसती चिठ्ठी नको, पाकिटंच), जुने सगळे रिपोर्ट आणि आधीच्या बाळंतपणांची, गेलेल्या गर्भांची महिन्यांसकट नोंद एका पिशवीत भरून ठेवावी. सोबत कुणी नसेल तर मला किंवा आपल्या प्रेरिका ताईला आधल्या दिवशी सांगा, दोघींपैकी एक जण येऊ.